साडेअकराशे मजल्यांच्या वर

नवी मुंबईकराला उंची कळते ती मजल्यांत. बिल्डर प्रत्येक चढत्या मजल्यामागे चौरस फुटाला जादा पैसे लावतो आणि आपण खाडी दिसेल या आशेवर ते भरतो. त्यामुळे लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटरवर आहे हे वाचून आमच्या पोटात गोळा वगैरे आला नाही. तीन मीटरला एक मजला धरला तर हे साडेअकराशे मजल्यांच्याही वर जातं, असा हिशेब बायकोने मांडला. मी म्हटलं, मग व्ह्यू छानच असणार.

अडचण एकच होती, आमची दहा महिन्यांची कन्या. तिची आजवरची सर्वोच्च चढाई सोफ्यापर्यंत.

लसीच्या तारखेला सहज विषय काढला, तर डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. ‘‘विमानाने थेट लेह? हिला घेऊन?’’ मग आमची शिकवणी झाली. वरच्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो. पण हवेचा दाबच उतरलेला, त्यामुळे लेहला प्रत्येक श्वासात पदरात पडतो तो नेरूळच्या जेमतेम दोन तृतीयांश. शरीराला सवय होते, पण त्याला दिवस लागतात. म्हणून अडीच हजार मीटर ओलांडले की रात्रीचा मुक्काम एका दिवसात तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायचा नाही. विमानाला हे कोण सांगणार? मोठ्या माणसाला त्रास झाला तर तो ‘डोकं ठणकतंय’ म्हणतो. बाळ रडतं. ‘‘आणि बाळ कशानेही रडतं,’’ बाई म्हणाल्या, ‘‘म्हणून तिथे दुसरं कारण सापडेपर्यंत ते उंचीमुळेच रडतंय असं धरायचं आणि खाली उतरायचं.’’

याची रीतसर प्रश्नपत्रिका असते. कॅनडातल्या लेक लुईज या ठिकाणाच्या नावाने ओळखली जाते. बोलता न येणाऱ्या मुलांसाठी तिची वेगळी आवृत्ती आहे. किरकिर किती वेळ, किती जोरात, खाणं कसं, खेळणं कसं, झोप कशी. बेरीज सातावर गेली की सावध. मी ती त्याच संध्याकाळी भरून पाहिली. नेरूळात, भरतीच्या वेळी, कन्येला अकरा गुण पडले. वरणभात भिंतीवर होता.

मग सोसायटीला बातमी लागली. एकांनी ब्रँडी चोळायला सांगितली, दुसऱ्यांनी लसणाचं सूप. (दहा महिन्यांच्या मुलीला!) खालच्या मजल्यावरच्या काकू नुकत्याच केदारनाथहून आल्या होत्या. त्यांनी पोटलीच आणून दिली: जुन्या नारायणपेठेचा काठ, त्यात भीमसेनी कापराचे खडे, वर जांभळ्या दोऱ्याची गाठ. ‘‘गळ्यात बांधा. हुंगलं की ऑक्सिजन.’’ कापराने नाकाला गार वाटतं, ऑक्सिजन तसूभरही वाढत नाही, आणि तान्ह्या बाळाच्या पोटात तो गेला तर झटके येऊ शकतात, हे मी आईला समजावून सांगत होतो. तोवर कन्येने दोरा तोंडात घेतला होता. पोटली काढून घेतली, मोठं रडं झालं. आई म्हणाली, ‘‘तुम्हाला आम्ही इंटरनेट बघून नाही वाढवलं.’’

शेवटी आईचं मन वळवलं ते अमरनाथने. तिथली गुहा ३,८८८ मीटरवर आहे आणि श्राइन बोर्ड तेरा वर्षांखालच्या मुलांना यात्रेला सोडतच नाही. डॉक्टरांचं न ऐकणारी आई देवाच्या दारातला नियम ऐकून विरघळली. ‘‘त्यालाच नको असेल तर राहू दे.’’ नियमाचं पुढचं वाक्य मी उगाच वाचलं: सत्तरीवरच्यांनाही मनाई. आई एकाहत्तरची आहे. लेहचा विषय त्या रात्री बंद झाला, श्राइन बोर्डाचा अजून चालू आहे.

आम्ही मनालीला गेलो. उंची सुमारे २,०५० मीटर, म्हणजे अडीच हजारांच्या आत. विमान उतरताना कन्येला दूध पाजलं. गिळत राहिलं की कानाचे दडे सुटतात. तिकडे मात्र एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. पोरीला छातीशी बांधून चढ चढणारा बाप घामाघूम होतो आणि तिची टोपी काढायला जातो. ती बिचारी नुसती लटकलेली, हालचाल शून्य, म्हणून गारठते तीच. बायको दर दहा मिनिटांनी तिच्या मानेमागे दोन बोटं घालून बघायची, मग माझ्याकडे.

चारेक मुक्कामांनंतर, डॉक्टरीणबाईंना फोन करून, अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला गेलो. ३,१०० मीटरच्या आसपास, तासाभरात परत, मुक्काम खालीच, या अटीवर. वेफर्सचा पुडा फुगून टम्म झाला होता. कन्या त्याच्यावर थापा मारत खिदळत होती. आई बर्फाचे फोटो थेट काकूंना पाठवत होती. माझं डोकं दुखायला लागलं. वळणांमुळे असेल, सकाळच्या छोल्यांमुळे असेल. बायकोने पर्समधून प्रश्नपत्रिका काढली.

‘‘किरकिर?’’

‘‘बोगद्यापासून सतत,’’ आई म्हणाली.

‘‘खाणं?’’

‘‘मॅगीला हात लावला नाही.’’

‘‘खेळणं?’’

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. बेरीज तेरा झाली. बायकोने ड्रायव्हरला हाक मारली, ‘‘भैया, गाडी घुमाओ, बच्चे की तबीयत ठीक नहीं।’’