काकांची शिकार

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर देवीच्या मांडवाचे बांबू पडले की आमच्या काकांना कॅमेरा घ्यायचा असतो. पाऊस सरलेला, दिवाळी तोंडावर आणि दिवाळीनंतर भीमाशंकर ठरलेलं. "यंदा मोबाइलवर भागवायचं नाही हं. छोटासाच घ्यायचा, खिशात मावेल असा. आणि बजेटात!" हे 'यंदा' गेली सात वर्षं चालू आहे.

काकांच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. शहापूरच्या रानात त्यांनी लोळवलेलं डुक्कर आमच्या लहानपणी दीड मणाचं होतं, आता ते अडीच मणांवर गेलंय. पुढे 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ती हौस संपली. बंदूक त्याआधीच गेली होती, खुमखुमी मात्र घरातच राहिली. त्यामुळे काका कधी ट्रेकला जात नाहीत, ते 'शिकारीला' जातात. दूधवाल्यालाही "दोन दिवस दूध नको, शिकारीला चाललोय" असंच सांगतात. शिकार शेकरूची. तीही फोटोत.

निवड करायची त्यांची एक पद्धत आहे. निकॉनचा पी-1000 निघाला तेव्हा 125 पट झूम ऐकून काका दोन रात्री झोपले नाहीत. तिसऱ्या दिवशी जांभळी नाक्यावरच्या ओळखीच्या वाण्याकडे गेले आणि 1,415 ग्रॅम तांदूळ मोजून घेतले, कारण कॅमेऱ्याचं वजन तेवढंच. पिशवी गळ्यात अडकवून मासुंदा तलावाला दोन फेऱ्या मारल्या. गडकरी रंगायतनसमोर ओळखीच्या तिघांनी "काय हो, नवस का?" असं विचारलं. घरी येऊन पिशवी काकूंच्या हातात दिली आणि म्हणाले, "मान गेली. बाद." त्या रात्री खिचडी झाली.

मग ऑलिम्पसचा टीजी-6 आला, पाण्याखाली 15 मीटरपर्यंत चालणारा. वजन बेताचं, पडला तरी फुटत नाही. आम्ही म्हटलं, सुटलो! काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "शेकरू पोहतं का रे?"

त्यानंतर सेन्सर. माझ्या लाइट बिलाच्या पाठीवर काकांनी पट्टीने सव्वासहा बाय साडेचार मिलिमीटरचा चौकोन काढला. "स्वस्तातल्या कॅमेऱ्याचा सेन्सर एवढा. साबुदाणा! आणि हा एक इंची." शेजारी 13.2 बाय 8.8 चा चौकोन. "आता यात इंच कुठे सापडतो ते दाखव." मी मोजलं. खरंच नव्हता. "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! पण उजेड चौपट घेतो. पहाटे रानात हाच पाहिजे." मग घ्या की! "झूम तोकडा. आणि किंमत बघितलीस?"

एकदा त्यांनी पेन्सिल सेलवर चालणाऱ्या जुन्या कॅमेऱ्याची बाजू लावून धरली, कारण सेल भीमाशंकरच्या पायथ्याच्या खांडसच्या टपरीवरही मिळतात. "रानात चार्जर कुठे लावणार, जांभळीच्या बुंध्याला?" मी पॉवर बँक म्हणालो. "तिचं वजन कोण धरणार?" माझं ते चौकोनांचं लाइट बिल अजून त्यांच्याकडेच आहे.

कपाटात त्यांचा एक हवाबंद डबा आहे. ठाण्याच्या पावसाळ्यात भिंतीला ओल येते, तिथे लेन्सची काय कथा! आत बुरशीची जाळी धरली की कॅमेरा गेलाच. म्हणून बुटांच्या खोक्यांतल्या, औषधांच्या बाटल्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या काका सात वर्षं साठवताहेत. डब्यावर सुवाच्य अक्षरात 'कॅमेरा' लिहिलंय. काकू त्यात पापड ठेवतात. इतके कुरकुरीत पापड मी दुसऱ्या घरी खाल्लेले नाहीत.

फोर्टातल्या बोरा बाजारात, जिथे कॅमेऱ्यांची दुकानं ओळीने आहेत, काकांना चहा विचारतात. जुना कॅमेरा हातात घेतला की काका आधी बॅटरीचं झाकण उघडून गंज बघतात, मग लेन्समधून टॉर्च मारतात आणि मान हलवतात. गिऱ्हाईक दुसरंच असलं तरी मान काकाच हलवतात. मात्र एक सांगायला हवं. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर, माझी भाची आणि मी, आम्ही तिघांनी त्यांच्या सल्ल्याने कॅमेरे घेतले आणि तिघांनाही आजवर पस्तावा झालेला नाही. माझा एक इंची, जुना, बजेटात बसलेला.

गेल्या नोव्हेंबरात तोच घेऊन आम्ही खांडसहून गणेश घाटाने चढलो. कॅमेरा काकांनी स्वतः बांधला होता: दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या, मध्ये सिलिका जेल, वर सुतळीची गाठ. चढण संपून रान दाट झालं आणि डोक्यावर फांदी हलली. शेकरू! तांबूस अंग, झुबकेदार शेपूट खाली सोडलेली, हातात कसलंसं फळ. "हलू नकोस," काका कुजबुजले. मी सुतळीची गाठ सोडवत होतो. काका मान वर करून, तोंड उघडं टाकून बघत राहिले. दुसऱ्या पिशवीपर्यंत पोहोचलो तेव्हा शेकरू पुढच्या झाडावर गेलं होतं.

"मिळाला?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांना फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

परतीच्या गाडीत शेजारच्या माणसाला त्यांनी हकीकत सांगायला घेतली. नेरळला शेकरू शेपटीसकट तीन फुटांचं होतं. कल्याणला साडेतीन झालं. ठाण्याला आम्ही उतरलो तेव्हा चार फूट भरलं होतं.