आमचं ऊन, आमचा अनुशेष

विदर्भ महाराष्ट्रात आहे, ही बातमी मुंबईला दर डिसेंबरात नव्याने कळते. तशी लेखी तरतूदच आहे. 28 सप्टेंबर 1953 ला नागपूर करार झाला आणि सरकारने दरवर्षी काही काळ नागपुरात मुक्काम करावा, विधिमंडळाचं एक तरी अधिवेशन तिथे घ्यावं, असं ठरलं. करार निष्ठेने पाळला जातो. मंत्री येतात, सचिव येतात, फायलींचे गठ्ठे येतात, नवे कोरे स्वेटर येतात. रविभवनाला रंग लागतो. मंत्र्यांच्या गाड्या जिथून जाणार तेवढेच खड्डे बुजतात. मोर्चे निघतात आणि पोलिसांच्या कठड्यापाशी अडतात. संध्याकाळी हुरडा भाजला जातो, रात्री सावजीचा रस्सा ओरपून पाहुणे नाक पुसत ‘वा, काय झणझणीत!’ म्हणतात. परतीच्या विमानात प्रत्येकाच्या हाती संत्रा बर्फीचा डबा असतो. विकासाचा अनुशेष मात्र कोणी नेत नाही. सामानात त्याचं वजन जास्त भरतं.

उरलेले अकरा महिने आमच्या अकरा जिल्ह्यांचा उल्लेख फक्त हवामानाच्या बातमीत येतो, आणि तोही शेवटी. दादरला पाणी तुंबलं की ‘राज्यात पावसाचं थैमान’. महाबळेश्वरात दव गोठलं की ‘महाराष्ट्र गारठला’. त्याच पहाटे गोंदियात माणसं शेकोटीपासून हलायला तयार नसतात, पण गोंदियात वेण्णा तलाव नाही, त्यामुळे तिथल्या थंडीला फोटो नाही.

नागपूर मुळात राजधानी. मध्य प्रांताची, मग मध्य प्रांत आणि वऱ्हाडची, मग 1956 पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची. राज्य पुनर्रचना आयोगाने, म्हणजे फाजल अली यांच्या आयोगाने, 1955 च्या अहवालात स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. शिफारस अहवालात राहिली, राजधानी भोपाळला गेली आणि नागपूर उपराजधानी झालं. सरकारी नोकरीत कुणाची अशी पदावनती झाली तर तो दुसऱ्या दिवशी मॅटमध्ये, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरणात, जातो. शहरांसाठी मॅट नाही. म्हणून आम्ही झिरो माइलच्या दगडाजवळ उभं राहून पाहुण्याला सांगतो, ‘हा देशाचा मध्यबिंदू.’ त्यावर अभ्यासकांचे वाद आहेत, ते आम्ही पाहुण्याला सांगत नाही. एवढं सगळं गेलं, आता मध्यबिंदूही सोडायचा का?

शेजारी मात्र पुढे गेले. गडचिरोलीच्या एका बाजूला छत्तीसगड आहे, त्याला 2000 साली राज्य मिळालं. दुसऱ्या बाजूला तेलंगण आहे, त्याला 2014 साली मिळालं. आम्हाला मिळाले ठराव. वेगळ्या विदर्भासाठी लढणारे लोकनायक अणे झाले, जांबुवंतराव धोटे झाले, वसंत साठे आणि साळवे झाले. भाजपने 1997 मध्ये भुवनेश्वरला ठरावसुद्धा केला. सत्तेबाहेर असलेल्या प्रत्येक पक्षाला स्वतंत्र विदर्भ मनापासून हवा असतो. सत्ता आली की तो ‘योग्य वेळी’ हवा असतो.

अपवाद क्रिकेटचा. तिथे विदर्भ कधीचाच वेगळा आहे. मुंबई वेगळी, महाराष्ट्र वेगळा, विदर्भ वेगळा. आणि वेगळं राज्य दिल्यावर आम्ही काय केलं? 2017-18 ला रणजी करंडक आणला, 2018-19 ला पुन्हा आणला, 2024-25 ला तिसऱ्यांदा आणला. आता इथे एक बारीक अडचण आहे. पहिल्या दोन विजेतेपदांचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे, आणि धावांचा डोंगर रचणारा वसीम जाफरही मुंबईचा. विरोधकांच्या हाती हा मुद्दा लागू नये म्हणून तो आम्ही चौकात बोलत नाही.

दुसरा असाच हळू आवाजात सांगायचा मुद्दा मुख्यमंत्र्यांचा. मारोतराव कन्नमवार चंद्रपूरचे. वसंतराव नाईक पुसदचे. 1963 ते 1975 अशी सलग अकरा वर्षांहून जास्त त्यांनी ती खुर्ची सांभाळली, आणि एवढा काळ राज्यात दुसऱ्या कुणालाच मिळालेला नाही. सुधाकरराव नाईक पुसदचेच. देवेंद्र फडणवीस नागपूरचे. मुंबईने अन्याय केला म्हणावं, तर खुर्चीवर बऱ्याचदा आपलाच भाऊ. पण विदर्भातला माणूस मलबार हिलला राहायला गेला की त्याच्या डोळ्यांना काहीतरी होतं. त्यालाही विदर्भ डिसेंबरातच दिसतो.

आणि अन्याय काही एकाच पायरीचा नाही. महाराष्ट्राने विदर्भावर केला, हे सर्वमान्य. नागपुराने वऱ्हाडावर केला, हे अमरावतीत सर्वमान्य. ‘एम्स नागपूरले, आयआयएम नागपूरले, खंडपीठ नागपूरले. आमाले काय? संत्रं आमच्या वरूड-मोर्शीचं, नाव तेबी नागपूरचं!’ मग अमरावतीने आपल्यावर केला, असं अकोला म्हणतो. अकोल्याने केला, असं वाशीम म्हणतो. सिरोंच्याचा माणूस यातलं काहीच म्हणत नाही. त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं तर दोनशे किलोमीटर. तक्रार करायला जाऊन परत यायलाच दोन दिवस मोडतात.

हे सगळं वाचून बाहेरच्या माणसाला वाटेल की आम्ही दुःखी आहोत. अजिबात नाही. आम्ही आमच्या हालांवर जीव टाकून प्रेम करतो. पुरावा म्हणून मे महिन्यात या. होळी झाली की माळ्यावरचा कूलर खाली येतो, त्याच्या ताट्या बदलतात, आणि पुढचे तीन महिने घरातला कर्ता पुरुष म्हणजे कूलरची टाकी भरणारा. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, दुपारी बारा ते पाच रस्त्यावर फक्त कुत्रं आणि कुरियरवाला. पण संध्याकाळी पानठेल्यावर जी चर्चा रंगते तिच्यात तक्रार नसते, स्पर्धा असते. चंद्रपूर, अकोला, ब्रह्मपुरी, वर्धा यांत आज पहिला कोण? आपलं गाव अर्ध्या अंशाने मागे पडलं तर माणसं हळहळतात. ‘हे काहीच नाई बाप्पा, परवा चंद्रपूरले पाहायचं होतं!’

2024 च्या मेअखेरीस तर कळस झाला. दिल्लीत एका केंद्राने 52.9 अंश नोंदवले आणि दिल्ली देशभर मिरवली. लगेच नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 दाखवले. काही तास आम्ही जगाच्या नकाशावर होतो. मग हवामान खात्याने खुलासा केला की यंत्र बिघडलं होतं. दिल्लीच्या यंत्रातही दोष निघाला. दिल्लीने सुटकेचा श्वास सोडला. नागपुरात माणसं खात्यावर चिडली. एक विक्रम मिळत होता, तोही सरकारने काढून घेतला!

पुण्यात एसी लागतो तेव्हा आम्हाला त्याचाही अभिमान वाटतो. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट. कोराडी आणि खापरखेडा वेगळे. कोळसा आमचा, पाणी आमचं. वीज निघाली की ती तारांवरून राज्यभर जाते. राख मात्र फार मायाळू. ती माहेर सोडून कुठेच जात नाही.

आता जे खरोखर आमचं आहे त्याविषयी. पुण्या-मुंबईत ‘मराठी नाटकाचं काय होणार’ या विषयावर परिसंवाद चालू असतो त्याच रात्री वडसा, ब्रह्मपुरी, साकोलीच्या टापूत धानाची बांधी रिकामी झालेली असते, मंडप पडलेला असतो आणि हजारो माणसं घोंगड्या पांघरून पहाटेपर्यंत नाटक बघत असतात. झाडीपट्टीच्या या नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. नायिका रडते, खलनायक गडगडाटी हसतो, मधेच लावणी, आणि विनोदी पात्र आलं की पुढची दहा मिनिटं कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. समीक्षक याला भडक म्हणतात. आहेच भडक. पण तिकीट काढून, थंडीत कुडकुडत, रात्रभर बसणारा प्रेक्षक समीक्षकांच्या नाटकाला एकदा मिळवून दाखवा. 2023 मध्ये परशुराम खुणे यांना झाडीपट्टीसाठी पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबईने विचारलं, ‘झाडीपट्टी म्हणजे नेमकं कुठे?’

किंवा मारबत घ्या. इतर शहरं नाराज झाली की निवेदन देतात. नागपूर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत काढतं, सोबत बडग्यांच्या धिंडी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हे चाललं आहे. वर्षभरात जे जे छळलं, मग ती महागाई असो, साथ असो की एखादा पुढारी, त्याचा पुतळा करायचा, गल्लीबोळांतून मिरवायचा, मनसोक्त शिव्या घालायच्या आणि रोगराई घेऊन जा म्हणत जाळून टाकायचा. त्याच दिवशी पोरंसोरं तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल घेऊन नटूनथटून दारोदार बोजारा मागत फिरतात. एकाच शहरात, एकाच दिवशी, शिवी आणि लाड दोन्ही. विदर्भाचा स्वभाव सांगायला याहून वेगळं काही लागत नाही.

शकुंतला रेल्वेवरचं प्रेमही असंच. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही नॅरोगेज, मालकी खासगी कंपनीची, वाफेचं इंजिन थेट 1994 पर्यंत. ती बंद पडली तेव्हा आम्ही ढसाढसा रडलो, लेख लिहिले, समित्या काढल्या. चालू होती तेव्हा आम्ही एसटीने जात होतो.

एका गोष्टीवर मात्र प्रेम करायला मी तयार नाही, ती म्हणजे खर्रा. गुटख्यावर राज्यात 2012 ला बंदी आली. आम्ही त्याआधीपासूनच स्वावलंबी. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या कागदावर घोट घोट घोटायचा आणि पोराटोरांपासून प्राध्यापकांपर्यंत सर्वांनी गालात धरायचा. पुढे तोंड उघडेनासं होतं, मग कर्करोग रुग्णालयाच्या रांगा. विदर्भाचा आवाज मुंबईत का पोचत नाही, याची कारणं शोधायला समित्या नेमल्या जातात. निम्मी तोंडं भरलेली आहेत, हे कारण एकाही अहवालात नाही.

समित्यांना मात्र आमच्याकडे तोटा नाही. 1983 ला दांडेकर समिती नेमली गेली, तिने अनुशेष मोजला. 1994 ला वैधानिक विकास मंडळं आली, त्यांनी तो पुन्हा मोजला. 2013 ला केळकर समितीने पुन्हा एकदा हिशेब मांडला. 30 एप्रिल 2020 ला मंडळांची मुदत संपली. मोजणारे गेले, अनुशेष जागेवर. गोसीखुर्द धरणाचं तेच. 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन. मूळ अंदाज 372 कोटींचा. तेव्हा जन्मलेली मुलं आता स्वतःच्या मुलांना शाळेत सोडून येतात. खर्चाचा आकडा हजारो कोटींत गेला, कालव्यांची कामं अजून चालूच आहेत. 2006 मध्ये मनमोहन सिंग यवतमाळकडच्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे स्वतः आले आणि सहा जिल्ह्यांना 3750 कोटींचं पॅकेज देऊन गेले. त्यानंतरही कापूस पिकवणाऱ्या घरांतून तिरडी निघायची थांबली नाही. या वाक्यावर विनोद होत नाही, म्हणून पुढे जाऊ.

आमचा खरा दोष मला इथे दिसतो. 45 अंशांत आम्ही टिकतो, याचं आम्हाला इतकं कौतुक आहे की टिकावं का लागतं, हे विचारायचं राहून जातं. पाहुणा घरी आला की जेवल्याशिवाय सोडायचा नाही, ही आमची रीत. तिचा पुरेपूर फायदा पाहुण्याने घेतला. तो दर हिवाळ्यात येतो, जेवतो, गोड बोलतो, पॅकेज जाहीर करतो. आपण ताटात आणखी एक पुरणाची पोळी वाढतो आणि तो गेल्यावर पानठेल्यावर त्याला शिव्या देतो. पाहुण्याला तेवढंच हवं असतं. शिवी पाठीमागे, पोळी समोर. सत्तेला इतकं सोयीचं गाऱ्हाणं दुसऱ्या कुठल्या विभागाने दिलं नसेल.

आता समृद्धी महामार्ग झाला, 701 किलोमीटर. पूर्वी रात्रभर रेल्वेत अंग आंबवून मुंबईला पोचणारी तक्रार आता आठ तासांत पोचते. तिकडून उत्तर यायला किती वेळ लागतो, हे कळायला अजून टोलनाका बसवलेला नाही.

तेव्हा ठरवू या. ऊन आमचं, तर्री आमची, झाडीपट्टीची रात्र आमची, ‘बे’ म्हणून केलेली सलगी आमची. यातलं काही बदलायला कोणी येऊ नये, आणि आलंच तर आधी जेवावं. पण प्रेम आहे म्हणून उधारी माफ झाली, असं कोणी समजू नये. किराणा दुकानातल्या लाल वहीसारखी तीही पानापानावर मांडून ठेवली आहे, 1953 च्या तारखेपासून, सह्यांसकट. वसुलीला आम्ही येणारच. आता यंदाचं ऊन जरा उतरलं की निघतो.