अळवावरचं जर्किन

माझ्या नव्या जर्किनच्या आत, मानेपाशी, बोटभर पट्टी शिवलेली आहे. तिच्यावर लिहिलंय ‘वॉटर रेझिस्टंट फ्लीस’. याचं सरकारी मराठीत भाषांतर ‘पाठपुरावा चालू आहे’ असं होतं. पण हे कळायला मला एक जुलै आणि आठवडाभराचा खोकला लागला.

पुतण्या हरिश्चंद्रगडावर नेणार होता. ‘काका, वर गार लागतं, काहीतरी उबदार घ्या’, एवढंच तो म्हणाला होता. कपाटात माझा एक जुना स्वेटर होता, पण गडावर स्वेटर घालून जाणारा माणूस हल्ली थेट सातवी ब मधून आल्यासारखा दिसतो म्हणे. म्हणून एका चकचकीत दुकानात गेलो. तिथल्या मुलाने (त्याला मुलगा म्हणायचं नसतं, त्याच्या छातीवर ‘एक्स्पर्ट’ लिहिलेलं होतं) राखाडी, मऊ, हात फिरवावा तर मांजर अंग चोरेल असं काहीतरी माझ्या हातात दिलं. मग स्वतःच्या बाटलीतलं पाणी त्यावर शिंपडलं. थेंब गोल झाले, इकडून तिकडे पळाले आणि टाइल्सवर पडले. ‘बघा सर!’

बघितलं. आमच्या परसातल्या अळूच्या पानावर लहानपणी हेच बघत आलो होतो. तेव्हा त्याचे साडेचार हजार कुणी मागितले नव्हते.

‘पण पाऊस किती सोसेल?’ मी विचारलं. त्याने शेजारच्या हँगरवरचं चिटोरं धरलं. त्यावर १०,००० मिमी असा आकडा होता. ‘सर, महाबळेश्वरला अख्ख्या वर्षात सहा हजार पडतो. आता तुम्हीच हिशेब करा.’

मी हिशेब केला. पुण्यात राहत असल्यामुळे केलेला हिशेब बरोबरच असतो अशी माझी समजूत आहे. चार हजार मिलिमीटर शिल्लक पडत होते, म्हणजे पुढच्या वर्षीच्या जुलैचीही सोय झाली होती. कार्ड पुढे केलं.

आता तो आकडा काय असतो ते सांगतो, कारण दुकानात कुणी सांगणार नाही. कापड यंत्रात पक्कं धरतात आणि त्यावर पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात. कापडातून तीन ठिकाणी थेंब डोकावले की थांबायचं. त्या क्षणी पाण्याचा स्तंभ जितका उंच असेल तितके मिलिमीटर. दहा हजार म्हणजे दहा मीटर उंच पाणी. महाबळेश्वरच्या पावसाचे मिलिमीटर वेगळे, हे वेगळे. दोघांचा संबंध एकाच आडनावाच्या दोन माणसांइतका. शिवाय तो आकडा माझ्या जर्किनचा नव्हताच. तो शेजारच्या हँगरवरच्या, आत पातळ पापुद्रा असलेल्या रेनकोटाचा होता. साध्या फ्लीसला या परीक्षेला बसवण्यात अर्थ नाही, ते हॉलतिकीट घ्यायलाच भिजत येईल.

माझ्या जर्किनची परीक्षा दुसरी, फवाऱ्याची. कापड तिरकं ताणून बसवायचं, वरून झारीसारख्या तोटीतून पाव लिटर पाणी सोडायचं आणि किती भिजलं ते चित्रांशी ताडून गुण द्यायचे. पाव लिटर! अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही. एवढ्या पाण्यात आमच्याकडे तुळशीला पाणी घातलं असंही कुणी म्हणत नाही.

तर पाचनईहून चढायला सुरुवात केली. पहिली दहा मिनिटं जर्किनने बाजू लावून धरली. थेंब मोत्यासारखे घरंगळत होते आणि मी पुतण्याकडे विजयी मुद्रेने पाहत होतो. मग पाठीवरच्या सॅकच्या पट्ट्यांखाली खांदे ओले झाले. मग कोपर. अर्ध्या तासात मी आणि पाऊस यांच्यामध्ये औपचारिक असं काही उरलं नाही. वर केदारेश्वराच्या गुहेत शिवलिंग कमरेएवढ्या गार पाण्यात उभं असतं. ऐन पावसाळ्यात तिथवर पोचणं अवघड असतं. मला पोचायची गरज वाटली नाही, तो अनुभव मी वाटेतच घेत होतो.

खालच्या खाचरात आवणी चालली होती. कुणाच्या डोक्यावर निळ्या प्लास्टिकच्या कागदाची खोळ, कुणाच्या खताच्या गोणीची. एक आजी वाकलेल्या वर झाल्या, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, ‘बाबा, थंडीचं कापड पावसात कशापायी आणलंस?’ वस्त्रशास्त्राचा एवढा नेमका सारांश मी नंतर कुठेही वाचला नाही.

कारण फ्लीस म्हणजे खरंच थंडीचं कापड. पॉलिएस्टरच्या धाग्याचं विणकाम करायचं, मग त्यावर तारेच्या बारीक ब्रशांनी पिंजत पिंजत लव उठवायची आणि ती सारखी छाटायची. लवेत हवा अडकते आणि ऊब त्या हवेची असते. यातला पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही, वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून जाहिरातवाला शपथेवर सांगू शकतो की आमचा धागा पाणी शोषत नाही. धागा शोषत नाही हे खरं, पण धाग्याधाग्यांमध्ये जी भोकं आहेत त्यांनी कुठली शपथ घेतलेली नसते. पाऊस तिथून येतो, हवेला हुसकावतो आणि तिच्या जागी बसतो. वर वाऱ्याची झुळूक आली की त्याच ओल्या लवेतून आरपार.

यातला विनोद बाटल्यांचा आहे. १९९३ साली पॅटागोनिया या अमेरिकी कंपनीने वापरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या वितळवून फ्लीस करायला सुरुवात केली. एका जर्किनला पंचवीसेक बाटल्या लागतात असं म्हणतात. पाण्याची बाटली म्हणजे तोच पॉलिएस्टर. सॅकमध्ये आडवी-उभी कशीही टाका, थेंब गळत नाही. तशा पंचवीस बाटल्या एकत्र आल्या, त्यांचं जर्किन झालं आणि पाणी अडवण्याचं मूळ काम सगळ्याच विसरल्या. आमच्या सोसायटीच्या कमिटीचंही असंच झालं आहे. सुटे असताना एकेक माणूस कामाचा होता.

मग दुकानातले थेंब का पळाले? तर कापडाला वरून एक लेप दिलेला असतो. अळूच्या पानावर निसर्गाने सूक्ष्म उंचवटे आणि त्यांवर मेणाचा थर दिलाय, त्यामुळे थेंबाला पाय टेकायला जागा मिळत नाही. लेपाचं काम साधारण तसंच. फरक एवढाच की अळूला नवं पान फुटत राहतं, जर्किनला फुटत नाही. घासलं, मळलं, घाम लागला, चार वेळा धुतलं की लेप दमतो. त्यातून धुताना कपड्यांना मऊ-सुगंधी करणारं ते निळं औषध घातलं तर संपलंच. आमच्या हिने ते टोपणभर जास्तच घातलं होतं. ‘अहो, नवीन आहे ना, म्हणून!’ जे क्षणभंगुर असतं त्याला आपण अळवावरचं पाणी म्हणतो. इथे पाणी राहिलं, अळूच गेलं.

आणि जातं कुठे? वर्षानुवर्षं हे लेप फ्लोरिनच्या रसायनांचे असत. कार्बन आणि फ्लोरिनची गाठ इतकी चिवट की ती निसर्गाला सुटत नाही. या कुळातलं एक रसायन २०१९ साली स्टॉकहोम कराराच्या काळ्या यादीत गेलं. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून कपड्यांमध्ये या रसायनांना बंदी केली, मात्र धुवांधार पावसातच वापरायच्या खास कपड्यांना २०२८पर्यंत मुदत दिली. म्हणजे बघा, जे माझ्या खांद्यावर एक पावसाळा टिकलं नाही ते नदीत माझ्या पणतवंडांची वाट बघत बसणार. हल्ली फ्लोरिनशिवायचे लेप येतात. त्यांत ही चिवट गाठ नसते, तेलकट डागांपुढे मात्र ते हात टेकतात. म्हणजे गडावर भजी खायची पंचाईत.

एका माणसाबद्दल मात्र तिरकस लिहायला पेन वळत नाही. फ्लीस आलं अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स गावच्या माल्डन मिल्समधून, १९७९च्या सुमारास. मालक ॲरन फॉयरस्टाइन. ११ डिसेंबर १९९५ रोजी त्यांची गिरणी जळाली. मालकाचं वय सत्तर, विम्याचे पैसे घेऊन घरी बसायला कुणाची हरकत नव्हती. त्यांनी जाहीर केलं की गिरणी याच गावात पुन्हा उभी करणार आणि काम बंद असतानाही कामगारांना पगार देणार. दिलेही. गिरणगावातल्या वाचकांनी हे वाक्य हवं तर पुन्हा वाचावं, १९८२च्या संपानंतर आपल्याकडे गिरण्यांच्या जागी काय उभं राहिलं ते आठवत. कर्जापोटी २००१ साली माल्डन मिल्सने दिवाळखोरी जाहीर केली. अर्थात, तेही सांगायला हवं. फॉयरस्टाइन यांनी ‘पाऊस सोसेल’ असं कधी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. ते पट्टीवाल्यांचं काम.

आता कुणी म्हणेल, मग आपली घोंगडीच बरी! थांबा. घोंगडीचा अभिमान वाटणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती पावसात पांघरलेली असते. खळ दिलेली, दाट विणीची घोंगडी डोक्यावरून खोळ करून घेतली तर सर बरीच थोपवते हे खरं. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा ओलावा पोटात घेऊन अंगाला ओली लागत नाही, हेही खरं. पण एकदा ती तुडुंब भिजली की तिच्या वजनात एखादं कोकरू आपसूक वाढतं. वास तर कोकराच्या सगळ्या नातेवाइकांचा. आणि वाळायला? भाषेत ‘भिजत घोंगडं’ उगाच नाही आलं. फ्लीस याबाबतीत उजवं: पिळलं, झटकलं, वाऱ्यावर टाकलं की सकाळपर्यंत कोरडं. सहज भिजतं आणि सहज कोरडंही होतं. राजकारणात असं कापड फार चालेल.

परतल्यावर पुतण्याने त्याची यंत्रणा दाखवली. आत फ्लीस, वरून साधा पातळ रेनकोट, शिवणीच्या टाक्यांची भोकं आतून पट्टी चिकटवून बुजवलेली. खर्च माझ्या निम्मा. ‘आधी का नाही सांगितलंस?’ ‘काका, तुम्ही हिशेब करून आलो म्हणालात.’

खोकला उतरल्यावर दुकानात गेलो. एक्स्पर्टने मला ओळखलं, जर्किनलाही ओळखलं. पट्टी दाखवली. तो न रागावता म्हणाला, ‘सर, वॉटरप्रूफ कुठे लिहिलंय? रेझिस्टंट लिहिलंय. त्याने रेझिस्ट केलं ना?’

केलं. दहा मिनिटं केलं. मी नाही म्हणू शकलो नाही.

‘मग यात काय करता येईल?’

‘सर, तुमचा नंबर देऊन ठेवा,’ तो म्हणाला, ‘मी फॉलोअप घेतो.’