सुरीचा वानप्रस्थ

सुरी आईची, लोखंड कुठल्या तरी ट्रकच्या पाट्याचं आणि हौस सर्वस्वी माझी. पन्नाशीनंतर माणसाला एक तर अध्यात्माची ओढ लागते किंवा ट्रेकिंगची. मला दुसरी लागली, कारण तिच्यात फोटो चांगले येतात. जीवधन, चावंड, हडसर ही नावं ओतूरच्या माणसाला पाळण्यापासून पाठ. पण गड चढायला पायांइतकंच सामानही लागतं, हे पुण्याहून येणाऱ्या पोरांनी शिकवलं. त्यांच्या कमरेला बसक्या, जाड, काळ्या सुऱ्या होत्या. किंमत ऐकली तेव्हा मनात पहिल्यांदा शेळी आली. तेवढ्यात शेळी येते. तेव्हा ठरवलं, आपण घरचीच सुरी घडवून घ्यायची. पैसे वाचतात आणि चारचौघांत सांगायला गोष्ट मिळते. खरं तर खटाटोप गोष्टीसाठीच होता.

शिवाय इतिहासाचा आधार होता. बीव्हरच्या कातड्यांमागे रॉकी पर्वतात हिंडणारे अमेरिकन फासेपारधी कमरेला ‘ग्रीन रिव्हर’ सुरी लावत. ती बनायची मॅसॅच्युसेट्समध्ये, जॉन रसेलने १८३४ साली सुरू केलेल्या कारखान्यात, आणि होती खाटकाच्या नि स्वयंपाकाच्या कामाची साधी सुरी. म्हणजे एवढी नामांकित रानसुरी मुळात घरातून पळालेली. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, “मग त्यांच्या बायकांनी कांदे कशानं चिरले?” इतिहासकारांनी या प्रश्नाकडे लक्ष दिलेलं माझ्या वाचनात नाही.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. आमच्याकडे सुरी हेच मुळी अलीकडचं प्रकरण. ती उभ्या ओट्याबरोबर आली. त्याआधी राज्य विळीचं. ट्रेकिंगची पोरं फुशारकी मारतात की आपली सुरी ‘फिक्स्ड ब्लेड’ आहे, मिटत नाही. अरे, विळीइतकं फिक्स्ड ब्लेड जगात दुसरं कुठलं? पातं पाटाला ठोकलेलं, पाट जमिनीला टेकलेला आणि पाटावर वजन म्हणून अख्खं माणूस! सुरीला भाजीकडे जावं लागतं; विळी जागची हलत नाही, भाजीच तिच्या दारी येते. दोन्ही हात मोकळे. शेंड्याला खवणी. स्विस लोकांनी चाकूत कात्री बसवली, करवत बसवली, बूच काढायचा मळसूत्री खिळा बसवला, पण नारळ खवायची सोय अजून त्यांना सुचलेली नाही. मी विळीच पाठीला बांधून न्यायचा गंभीरपणे विचार केला. घडीची विळी मिळते, सॅकमध्ये सहज मावेल. गडावर बसायला पाट, पाऊस आला तर तोच डोक्यावर. तोटा एकच. विळी भल्याभल्यांना खाली बसवते, आणि कड्याच्या टोकावर, वारा अंगावर घेत, मांडी घालून विळीवर बसलेल्या गृहस्थाचा फोटो कोणाला वीर म्हणून दाखवता येत नाही. लोक भाजी कोणती विचारतात.

असो. सुरी घेऊन मी घोडेगावच्या बाजारात गेलो. रस्त्याच्या कडेला घिसाड्याचा भाता चालू होता. तो सांडशीत लोखंड धरी, बायको घण घाली. मी म्हटलं, “ड्रॉप पॉइंट करायचाय.” मग बोटाने हवेत आकार काढून दाखवला, पाठीचा उतार टोकाकडे कसा यायला हवा तो.

“म्हंजी टोक मोडल्यावर होतं तसं?”

“साधारण तसंच.”

“टोक मोडलं की लोक नीट करायला आणत्यात. तुम्ही चांगलं मोडायला आणलं.”

मग त्याने पातं उजेडात धरलं, अंगठा फिरवला आणि विचारलं, “वापरणारी डावखुरी हाय का?”

आई जेवते उजव्या हाताने, लिहिते उजव्या हाताने. लहानपणी छड्या मारून लावलेली सवय. चिरते मात्र डाव्या. स्वयंपाकघरात एकटी असताना तिला अडवायला कोण येणार होतं? घरात याबद्दल कधी कोणी बोललेलं नाही. पण वर्षानुवर्षं दगडावर घासून धार एकाच अंगाला उतरली होती, आणि मधोमध पातं खपून त्याला बाक पडला होता. अनोळखी माणसाने ते अंगठ्याने वाचलं.

“दोन्हीकून सारखी काढू?” त्याने विचारलं. मी हो म्हटलं. कानस चालली.

पाणी देताना मी थोडं ज्ञान पाजळलं. पातं लालबुंद करून बुडवलं की कडक होतं पण ठिसूळ राहतं, म्हणून घासून चकचकीत करून पुन्हा बेताने तापवायचं. दोनशेवीस अंशांच्या आसपास पेंढ्याचा पिवळा रंग धरतो, तीनशेला निळा पडतो आणि कडकपणा उतरतो. तो “हां हां” म्हणत राहिला आणि पिवळा दिसताच त्याने पातं उचललं. थर्मामीटर नव्हता. माझी अडचण झाली ती तेवढीच. मूठ बाभळीची बसवली. म्यान शिवणाऱ्या चांभारकाकांनी विचारलं, “मोबाईल केवढा आहे?”

आता कायदा. शस्त्र कायदा १९५९चा. त्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांत मोडतात, घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेल्या सोडून. म्हणजे ओट्यावर होती तोवर तिला पूर्ण अभय होतं, आणि रानात नेऊन ते मीच घालवलं. धडधडत्या छातीने पट्टी लावली. साडेचार इंच. सरकारने आपली दखलही घेऊ नये, याचं जरा वाईटच वाटलं.

आणि रानात कापायचं काय? भीमाशंकर १९८५पासून अभयारण्य. तिथली फांदी शेकरूने तोडावी, आपण नाही. गडावर खरवडलं तर पुरातत्त्ववाले धरतील. तिकडे आहुप्याच्या बाजूला राबासाठी कवळ तोडायला निघालेल्या माणसाच्या कमरेला आकडी असते आणि आकडीत कोयता. त्याला कोणी ‘आउटडोअर’ म्हणत नाही. तो कामाला चाललेला असतो.

पूर्वेला, उसाच्या पट्ट्यात, तर थट्टा संपतेच. २०२५च्या नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडचे लोक गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागले, बायकासुद्धा. बिबट्या मानेला धरतो म्हणून. असा पट्टा आजवर धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात पाहिला होता. उसाला पाणी द्यायला अंधारात जावं लागतं, कारण शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची असते. जुन्नर-आंबेगावात दिवसाची लाईट द्या म्हणून लोक ओरडून थकले. बांधावर खुरपणाऱ्या एका बाईने माझी कंबर पाहून विचारलं, “भाऊ, बिबट्यासाठी का?” मी नाही म्हटलं. “मग कशासाठी?” या प्रश्नावर मी घाईने पुढे निघालो.

सुरीचा वापर एकदाच व्हायचा योग आला, तो नाणेघाटाच्या तोंडाशी. काकडी घेतली आणि मोठ्या थाटात म्यानातून सुरी उपसली. काकडीवाल्या मावशी म्हणाल्या, “राहू द्या, नवी दिसतीय, खराब होईल.” आणि चिंधी गुंडाळलेल्या आपल्या सुरीने त्यांनी काकडीच्या चार फाका केल्यासुद्धा.

तेव्हा जुन्नरकडे जरूर या, पण कमरेला काही लावू नका. काकडी मावशींकडून घ्या. सुरी त्यांच्याकडे असते, मीठ-तिखटही त्यांचंच. फक्त सुटे पैसे आणा. वर रेंज नसते.