पोचकाका

ई-मेल पाठवला की पोचकाका लगेच फोन लावतात. ‘मेल टाकलाय, मिळाला का?’ समोरचा ‘बघतो’ म्हणाला, की तो बघेपर्यंत फोन ठेवत नाहीत. मग मेलमध्ये काय लिहिलंय तेही सांगून टाकतात, म्हणजे बिचाऱ्याला उघडायचा त्रास नको. शिवाय मेलची प्रिंट काढून, पंच मारून, तारीखवार फाइलला लावतात. यांची सारी नोकरी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये गेली. देशाची पोस्टाची तिकिटं जिथे छापतात तिथल्या माणसाचा बिनतिकिटाच्या पत्रावर भरवसा बसणार कसा?

पण तयारी पक्की. जीमेल बंद पडलं तर रेडिफमेल, रेडिफमेल बंद पडलं तर याहू. रेडिफचा पासवर्ड विसरला तर कोड जीमेलवर येणार, जीमेलचा याहूवर आणि याहूचा रेडिफवर. ही व्यवस्था त्यांनी मला एकदा पाठकोऱ्या कागदावर आकृती काढून समजावली होती. आकृती गोल होती.

१४ डिसेंबर २०२०, सोमवार. संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास गूगल गेलं. जीमेल, यूट्यूब, मीट, सगळं एकदम, आणि जगभर. काकांना आधी वाटलं, घरचंच काहीतरी. त्यांनी मोडेम बंद करून चालू केला, मग इन्व्हर्टर, मग थेट मेन स्विच. काकूंच्या कुकरची शिट्टी तेवढी वाचली, कारण ती गॅसवर होती. मग डोक्यावर माकडटोपी, तोंडावर मास्क आणि मधल्या फटीत चष्मा अशा अवतारात काका लॅम रोडवर आले आणि दिसेल त्याला अडवू लागले, ‘तुमच्याकडे आहे का हो?’ काय आहे का, हे त्या करोनाच्या दिवसांत आधी स्पष्ट करायला हवं होतं. दोघं जण लांबूनच वळले.

सगळ्यांचंच बंद आहे म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा उजळला. इतकी वर्षं ज्याची तयारी केली तो दिवस आला होता! घरी येऊन त्यांनी झोकात रेडिफ उघडलं. पासवर्ड चुकला. कोड जीमेलवर पाठवला आहे, असं स्क्रीनवर आलं.

शेजारचा कॉलेजातला मुलगा म्हणाला, ‘काका, लॉगआउट करा. ओळख न देता गेलं तर यूट्यूब चालतंय.’

‘लॉगआउट? आणि परत आत घेतलं नाही तर?’

काका मग रिफ्रेश दाबत बसले. मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट बघून बघून आमच्या देवळालीत गोऱ्या सोल्जरांची डोकी फिरत, असं सांगतात. त्यांच्याकडे निदान रिफ्रेशचं बटण तरी नव्हतं. पाऊण तासाने सगळं सुरू झालं, तेव्हा काकांनी स्वतःला एक मेल पाठवला, उघडला आणि ‘मिळाला’ असं स्वतःला उत्तरही दिलं.

पुढे गूगलने कारण जाहीर केलं, ते मीच त्यांना वाचून दाखवलं. आलेला माणूस कोण हे ओळखणारी एक यंत्रणा असते. तिच्या जागेचा कोटा मोजायची पद्धत ऑक्टोबरात बदलायला घेतली, पण जुनीचे काही भाग तसेच राहिले आणि ते वापर शून्य दाखवत राहिले. सवलतीची मुदत संपली, तसा कोटा आपोआप कापला गेला. रेशन उचललं नाही म्हणून कार्डच बंद व्हावं, तसं. मग पासवर्ड बरोबर असूनही कुणाला आत घेता येईना.

काकांनी ते पुन्हा वाचायला लावलं. गाणं आवडल्यावर लोक वन्समोअर देतात, तशा चेहऱ्याने.

‘म्हणजे नवं रजिस्टर उघडलं आणि जुनं क्लोज केलं नाही!’ त्यांनी मांडीवर थाप मारली. ‘अहो, आमच्या सेक्शनला दुपारच्या चहाआधी मेमो आला असता.’ त्या दिवसापासून गूगलबद्दल त्यांच्या मनात एक प्रकारचा जिव्हाळा निर्माण झाला. आपल्यातलंच कुणीतरी आहे, असं वाटू लागलं.

तो जिव्हाळा मात्र जडायच्या आधीच आटायला आला होता. त्या सोमवारच्याच आठवड्यात, कारण कळायच्या आधी, जीमेल पुन्हा बिघडलं आणि या खेपेला वेगळीच तऱ्हा: चांगल्या चालत्या खात्यांवर पाठवलेले मेल, असं खातंच अस्तित्वात नाही, असा शेरा मारून परत जाऊ लागले. आपल्याकडे तेव्हा पहाट होती. काकांचा मुलगा अमेरिकेत. त्याने काळजीने फोन केला. काका साखरझोपेतून उठले. पुढचं काकूंकडून कळलं.

‘बाबा, मेल परत आला. अस्तित्वात नाही म्हणतायत.’

‘कोण?’

‘तुम्ही.’

काका ताडकन उठून बसले. ‘मी? अरे, नोव्हेंबरातच बँकेत जाऊन हयातीचा दाखला दिलाय!’ आणि एका हातात फोन धरून त्यांनी पलंगाखालची फाइल ओढली. ‘थांब, ठेवू नकोस. शिक्क्यासकट पोच आहे माझ्याकडे.’