कोंबडीला केळाची चव काय

अर्धापुरी केळ्यांना भाव मिळो न मिळो, मान कायम. व्यापारी घड पारखून नेतो; डागाळलेली, जुळी, अतिपिकली फणी मागं राहते आणि आमच्या परसात येते. इसापूर धरणाचं पाणी पिऊन पोसलेलं फळ शेवटी खायलंय कोण, तर आमच्या गावरान कोंबड्या!

आईचं म्हणणं, केळानं अंड्याला गोडी येते. गंमत म्हणजे कोंबडीला गोड कळतच नाही. गोडी ओळखायला लागणारा जनुकच तिच्याकडं नाही. गाढव बिचारं गूळ मिटक्या मारत खातं आणि म्हणीत नाव खराब त्याचंच! मग कोंबड्या केळावर तुटून का पडतात? एक तर ते मऊ. दुसरं, ते दुसरीच्या चोचीत असतं. एकीनं तुकडा उचलला की बाकीच्या समोरचा ढीग सोडून तिच्या मागं धावतात. तिकीटवाटपाच्या दिवसांत हे दृश्य तालुक्यात इतरत्रही दिसतं.

पण हिशेब कडक आहे. अंड्यावरची कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते. त्यात फळ दहाव्या हिश्शापुरतंच, नाहीतर पोट केळानं भरतं आणि अंड्याला लागणारी प्रथिनं, कवचाला लागणारं कॅल्शियम राहून जातं. म्हणजे एकीला केळाच्या दोन चकत्या. सालीवर फवारा असू शकतो, म्हणून सोलूनच. बुरशी आलेलं फळ थेट उकिरड्यावर.

उन्हाळ्यात टरबुजाची फोड मात्र टाकावीच. कोंबडीला घाम येत नाही. चाळिशीपार उन्हात ती चोच वासून धापा टाकते. लाल गर संपवून ती पांढऱ्यालाही लागते आणि हिरवी साल कागदाएवढी पातळ करून सोडते.

सीताफळाचं मात्र जपून. त्याच्या बिया वाटून आजी उवांवर लावायची आणि डोळ्यांत जाऊ नये म्हणून ओरडायची. ते विष कोंबडीला कशाला? आता बिया काढून गर भरवायचा, तर एवढं आम्ही जावयाचंही करत नाही. पुण्याचा भाचा एकदा ॲव्होकॅडो घेऊन आला. ते पाखरांच्या हृदयाला बाधतं, म्हणून त्यालाच खायला लावलं.

दोन चकत्यांचा नियम ऐकून आई भडकली. "आपल्या दारातून कुणी दोन चकत्या खाऊन उठत नसतंय!" पण शेवटी ऐकलं तिनं. कोंबडीमागं मोजून दोनच चकत्या टाकते.

फक्त केळं आता उभं चिरते.