४८ केबीचा पाहुणा

बेसा रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये महिनाभर एक रुग्ण भरती आहे : ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’. १९८६ च्या सुमारास भारतात आलेला, ४८ केबी मेमरीचा घरगुती संगणक. व्हॉट्सअ‍ॅपवरचा ‘शुभ सकाळ’चा गुलाबही एवढ्यात मावायचा नाही. सौ. म्हणाली, “भंगारवाला दारात येतो, तुम्ही त्याच्या दारात कशाला गेलात?”

कीबोर्डखालची पट्टी पापडासारखी मोडली; ती बदलली. अ‍ॅडॅप्टरची पिनही जगाच्या उलटी : ऋण आत, धन बाहेर. बटण दाबताना मी देवाकडे बघितलं, सौ.ने मीटरकडे. अखेर पडद्यावर ‘१९८२ सिंक्लेअर रिसर्च’ उमटलं! कॅसेट लावली. मिक्सरमध्ये चमचा पडल्यासारखी ती पाच मिनिटं किंचाळली आणि शेवटी : ‘टेप लोडिंग एरर’.

मुलाने फोनमधून मान न काढता विचारलं, “बाबा, याचा वायफाय पासवर्ड काय?”